कलश, यंत्र आणि करुणा

तमिळनाडूतील कुंभकोणम या नगराच्या दक्षिणेस अगदी लगत साक्कोट्टै नावाचे एक लहान स्थळ आहे. तेथील शिव 'अमृतकलशनाथ' या नावाने ओळखला जातो. तेवारमच्या पदांत या स्थळाचे नाव कलयनल्लूर असे येते आणि सुंदरर या शैव संतकवीने त्याचे स्तवन केले आहे. कुंभकोणमच्या परिसरातील अनेक देवस्थानांप्रमाणे या स्थळाचेही नाते एका कुंभाच्या कथेशी आहे. प्रलयकाळी सृष्टीची बीजे नष्ट होऊ नयेत म्हणून ब्रह्मदेवाने ती अमृतासह एका कुंभात ठेवली. प्रलयजलावर वाहत वाहत तो कुंभ दक्षिणेत येऊन स्थिरावला. शिवाने किराताचे रूप घेऊन बाण सोडला, कुंभ फुटला, अमृत सांडले आणि सृष्टीला पुन्हा आरंभ झाला. कुंभाचे भाग व त्यावरील साहित्य जेथे जेथे पडले ती ती स्थळे तीर्थे झाली. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवास लक्षावधी लोक येतात, त्यामागेही हीच कथा आहे.

या कथेत एक प्रश्न दडलेला आहे. कुंभ अचेतन होता. त्याने बीज सांभाळले, परंतु सांभाळण्याचा संकल्प त्याचा नव्हता. फुटण्याची वेदनाही त्याला झाली नसेल. तरीही परंपरेने त्याच्या खापरांना देवत्व दिले. जे स्वतः जगत नाही, परंतु जीवन वाहून नेते, त्याच्याविषयी माणसाने काही भाव बाळगणे योग्य आहे काय? आणि तो भाव खरा मानायचा की भ्रम?

हाच प्रश्न एका सर्वस्वी निराळ्या कलाकृतीने जगभरच्या प्रेक्षकांपुढे उभा केला. २००८ साली प्रदर्शित झालेला 'वॉल-ई' हा अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला अॅनिमेशनपट. मनुष्यजातीने पृथ्वी कचऱ्याखाली गाडून टाकली आहे आणि ती अंतराळयानात निघून गेली आहे. मागे उरला आहे कचरा दाबून त्याचे ठोकळे रचणारा एक यंत्रमानव. सातशे वर्षे तो तेच काम करतो आहे. सोबतीला एक झुरळ आणि एका जुन्या संगीतपटाची चित्रफीत. एके दिवशी त्याला एक कोवळे रोप सापडते आणि ते तो एका फाटक्या बुटात जपून ठेवतो. पुढे पृथ्वीवर जीवन शोधण्यास आलेली ईव्ह ही दुसरी यंत्राकृती ते रोप आपल्या उदरात घेते आणि निश्चल होते. प्रलय, बीज आणि बीज धारण करणारे पात्र, असे कुंभकोणमच्या कथेचे तिन्ही घटक येथे आहेत. यात ऋणानुबंध शोधण्याचे कारण नाही. विनाशाच्या कल्पनेबरोबर बीज जपणाऱ्या पात्राची कल्पना मानवी मनात आपोआप उभी राहते, एवढेच यावरून म्हणता येईल. कुंभाप्रमाणे हे पात्रही अखेरीस चिरडले जाते, आणि ते चिरडले जाते त्या क्षणी चित्रपटगृहातील प्रेक्षकांचे डोळे पाणावतात.

या चित्रपटाविषयी प्रेक्षकांनी व्यक्त केलेली मते स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला वर्ग भारावून गेलेल्यांचा. जवळजवळ निःशब्द असा चित्रपटाचा आरंभ त्यांना मूकपटांच्या वैभवकाळाची आठवण करून देतो. पडद्यावरील माणसांपेक्षा हे यंत्रच अधिक माणूस आहे, असे ते म्हणतात. दुसरा वर्ग अर्ध्यावर साथ सोडणाऱ्यांचा. पूर्वार्धात काव्य आहे आणि उत्तरार्धात प्रवचन, असा त्याचा आक्षेप. यानातील माणसे खुर्च्यांत पडून स्थूल व आळशी झालेली दाखविली आहेत, हे काहींना स्थूल व्यक्तींच्या उपहासासारखे वाटले. उपभोगवादावर टीका करणारा चित्रपट एका महाकाय करमणूक-उद्योगानेच काढावा आणि त्याची खेळणी दुकानांत विकावी, ही विसंगतीही अनेकांना खटकली. स्वतः दिग्दर्शकाने पर्यावरणाचा संदेश देणे हा आपला हेतू नव्हता असे सांगितले, परंतु प्रेक्षकाने घेतलेला अर्थ कर्त्याच्या हेतूने बांधला जात नाही. तिसरा वर्ग संख्येने लहान, पण त्याचा आक्षेप मूलगामी आहे. यंत्राला दोन मोठे, ओलसर वाटणारे डोळे बसविले, मान किंचित कलती केली, की आपण रडू लागतो. ही करुणा नसून करुणेची कळ दाबली जाणे आहे, असे तो म्हणतो.

या तिसऱ्या आक्षेपाचा विचार आधी करावयास हवा, कारण तो खरा असेल तर पहिल्या दोघांच्या मतांना फारसे मूल्य उरत नाही. आपल्या परंपरेने चेतन आणि अचेतन यांतील सीमारेषा पुष्कळदा ओलांडली आहे, आणि ती अजाणता ओलांडलेली नाही. 'मेघदूता'तील यक्ष धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांच्या समूहाला निरोप सांगतो. त्याला हा भेद कळत नाही, हे कालिदासाने स्वतःच नमूद केले आहे. कवीला भेद ठाऊक आहे, वाचकालाही ठाऊक आहे, आणि तरीही निरोप खरा आहे. कुंभकोणमजवळच स्वामिमलै येथे मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओतण्याची परंपरा आहे. शिल्पी मूर्तीचे डोळे शेवटी उघडतो. तोवर ती धातू असते, त्यानंतर ती देवता होते. महाराष्ट्रात तर प्रतिवर्षी शाडूच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते आणि दीड दिवसाने किंवा दहा दिवसांनी त्याचे विसर्जन होते. पाण्यात मूर्ती सोडताना ज्याचा कंठ दाटून येतो त्याला ती मातीची आहे हे माहीत नसते काय? त्याने स्वतःच ती बाजारातून किंमत देऊन आणलेली असते. प्राण आपण ठेवला होता आणि आपणच परत घेतला, हे जाणूनही त्याला वियोगाचा प्रत्यय येतो. यावरून एवढे निश्चित होते की, अचेतनाविषयीचा भाव हा फसवणुकीवर उभा असलाच पाहिजे असे नाही. 'वॉल-ई'चा प्रेक्षकही फसलेला नाही. तो दीड तासापुरती प्राणप्रतिष्ठा करतो.

परंतु भाव खरा असणे आणि भाव नैतिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रससिद्धान्ताने ही सावधगिरी पूर्वीच बाळगली होती. रसानुभव हा व्यक्तिगत लाभहानीपासून सुटलेला असतो. सहृदयाला करुण रसाचाही आनंदच होतो, आणि आनंद झाला म्हणून त्याचे कर्तव्य पूर्ण झाले असे कोणत्याही आलंकारिकाने म्हटलेले नाही. रूसोने १७५८ साली नाटकगृहावर लिहिताना हेच कठोरपणे मांडले. रंगमंचावरील दुःखासाठी अश्रू ढाळणाऱ्याला काहीच किंमत द्यावी लागत नाही, आणि आपण माणुसकीचे देणे फेडले असे मात्र त्याला वाटते. खरा धोका येथे आहे. यंत्रावर करुणा करणे हा दोष नव्हे. ती करुणा कोठे जाऊन थांबते, हा प्रश्न आहे.

आणि भारतीय प्रेक्षकाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष टोकदार होतो. वॉल-ई काय काम करतो? तो कचरा उचलतो. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगाला मिळाला, आणि चेक भाषेतील ज्या शब्दावरून तो बनला त्याचा अर्थ आहे वेठ. मराठी माणसाला वेठ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. चित्रपटात ही वेठ यंत्राच्या वाट्याला आली आहे. आपल्या समाजात ती शतकानुशतके माणसांच्या, आणि त्यांतही जन्माने ठरलेल्या माणसांच्या, वाट्याला आली. यानातील माणसे खुर्च्यांत बसतात व त्यांची घाण यंत्र काढते, म्हणून पाश्चात्त्य प्रेक्षक अस्वस्थ झाला. आपल्याकडे एक वर्ग खुर्चीत बसला आणि दुसऱ्या वर्गाने घाण काढली, तेव्हा ती व्यवस्था धर्म मानली गेली. म्हणून येथील सुस्थित प्रेक्षक स्वतःला त्या एकाकी यंत्राशी तद्रूप करून रडतो, तेव्हा त्याने एकदा थांबून पाहावयास हवे, आपली जागा पडद्यावर नेमकी कोठे आहे? त्या कचऱ्याच्या ढिगापाशी, की त्या खुर्चीत?

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा मराठी चित्रपट या संदर्भात आठवतो. एका गटार-सफाई कामगाराच्या मृत्यूवरून लोकशाहिरावर खटला चालतो. ज्याच्या मृत्यूभोवती सारे कथानक फिरते तो कामगार प्रेक्षकाला कोठेही दिसत नाही. त्याची पत्नी साक्षीला येते, मोजक्या शब्दांत उत्तरे देते आणि निघून जाते. डोळे पाणावतील अशी कोणतीही सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. 'वॉल-ई'ने यंत्राला चेहरा दिला. 'कोर्ट'ने दाखवून दिले की येथे माणसालाच चेहरा मिळालेला नाही. दोन्ही चित्रपट पाहणाऱ्याला पहिल्यात अश्रू आले आणि दुसऱ्यात केवळ कंटाळा आला, तर त्याच्या करुणेची व्याप्ती त्याला त्यावरून मोजता येईल.

येथवरचा युक्तिवाद यंत्राच्या विरोधात जातो असे वाटण्याचा संभव आहे. तसा निष्कर्ष काढण्याआधी पुन्हा कुंभकोणमकडे वळले पाहिजे. २०१५ साली कोझिकोडे येथे गटारात उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचविण्यास धावलेला एक रिक्षाचालक गुदमरून मरण पावले. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या केरळमधील तरुण अभियंत्यांनी गटारात उतरणारा एक यंत्रमानव तयार केला. २०१८ साली तो प्रथम तिरुवनंतपुरम येथे वापरात आला. त्याचे नाव 'बँडिकूट', म्हणजे घूस. तमिळनाडूत ज्या नगरांनी हे यंत्र आरंभीच आणले त्यांत कुंभकोणम होते. यंत्र तोंडावर उभे राहते, त्याचा पाय पसरणारा भाग आत उतरतो, कॅमेरे आतील दृश्य दाखवितात, हात गाळ उपसतो, आणि माणूस वर, उजेडात, पडद्याकडे पाहत ते चालवितो. पूर्वी जे स्वतः आत उतरत त्यांनाच ते चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. या घुशीला मोठे डोळे नाहीत, तिची मान कलत नाही, तिच्यासाठी कोणी रडणार नाही. परंतु तिने जे केले ते कोणत्याही अश्रूने केलेले नाही.

'वॉल-ई' पाहून 'यंत्रांनी माणसाला पंगू केले, आता पुन्हा हातांनी कामे करू या' असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाने याचा विचार केला पाहिजे. कोणाच्या हातांनी? यंत्राविषयीची ही शंका आपल्याकडे गांधीजींच्या 'हिंद स्वराज'पासून (१९०९) परिचित आहे आणि तिच्यात सत्यांश आहे. परंतु १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तरही तितकेच ध्यानात ठेवावे लागते. पशूप्रमाणे राबणाऱ्या माणसाला फुरसत आणि फुरसतीतून संस्कृती मिळवून देण्याचे साधन यंत्र हेच आहे. यंत्रामुळे अन्याय होत असेल तर दोष समाजरचनेचा, यंत्राचा नव्हे. खुर्चीतील माणसाला यंत्र निष्क्रिय करते, गटारातील माणसाला तेच यंत्र वर काढते. यंत्राचे नैतिक मूल्य ते कोणाच्या जागी उभे राहते यावरून ठरते.

अर्थात एका यंत्राने प्रश्न सुटत नाही. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचाच अर्थ असा की माणसे त्यानंतरही मरत राहिली. यंत्र अस्तित्वात असूनही माणूस आत उतरविला जातो, कारण पुष्कळदा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. चापेकच्या नाटकात यंत्रमानव निर्माण केला गेला तो माणूस महाग पडतो म्हणून. येथे हा हिशेब नेमका उलटा आहे, आणि या उलट्या हिशेबात आपल्या समाजाची सारी नीती उघडी पडते.

मग यंत्रासाठी आलेले ते अश्रू व्यर्थ म्हणावयाचे काय? तसे म्हणणेही योग्य होणार नाही. ज्याला काही मागता येत नाही, ज्याच्या श्रमाकडे कोणाचे लक्ष नाही, अशा एका पात्राकडे दीड तास टक लावून पाहण्याची सवय त्या चित्रपटाने लावली. ही सवय लहान नाही. ज्ञानेश्वरांच्या चरित्रातील आख्यायिकेत चांगदेव वाघावर बसून येतो आणि ज्ञानेश्वर त्याला अचेतन भिंतीवर बसून सामोरे जातात. सजीवावर सत्ता गाजविण्यापेक्षा निर्जीवात चैतन्य पाहणे थोर, असा तिचा एक अर्थ परंपरेने लावला. परंतु ज्याला भिंतीत चैतन्य दिसते त्याला भिंतीपलीकडचा माणूस दिसत नसेल, तर ती दृष्टी अपुरीच राहिली.

साक्कोट्टैच्या भाविकाने फुटलेल्या कलशाला नमस्कार केला, कारण त्याच्या फुटण्यातून जीवन पुढे चालले. आपल्या नगरांची जीवनधारा ज्यांच्या श्रमांवर चालते, आणि ज्यांतील अनेक जण त्या श्रमांतच संपून गेले, त्यांच्या नावाचे एकही तीर्थ नाही. चित्रपटगृहातून ओल्या डोळ्यांनी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला रस्त्यावरचे गटाराचे उघडे तोंड दिसले, आणि आत कोण उतरले आहे असे त्याने वाकून पाहिले, तरच यंत्रासाठी ढाळलेला त्याचा अश्रू कारणी लागला असे म्हणता येईल.