शब्दाची नियत

आमच्या उर्दू शाळेतील सातवीच्या एका मुलीने मराठीच्या वहीत लिहिले होते, ‘अब्बांनी बँकेत फॉर्म भरला.’ आम्ही लाल शाईने ‘फॉर्म’ खोडून ‘अर्ज’ केले आणि बाजूला शेरा मारला, ‘शुद्ध मराठी लिहा.’ दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. “सर, अर्ज तो उर्दू लफ्ज है। फिर वो शुद्ध मराठी कैसे?”

आम्ही निरुत्तर झालो. अर्ज मुळात अरबी, फारसीच्या हाताने मराठीत आलेला. ज्या शाईने आम्ही शेरा मारला ती शाईही फारसीच. कागद, तारीख, दुकान, जमीन, वकील, कायदा ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी. माधव जूलियन यांना 1925 साली अशा शब्दांचा अख्खा फारसी-मराठी कोश करावा लागला. आज त्यांना कुणी परके म्हणत नाही. मग फॉर्मनेच काय गुन्हा केला?

बाहेरचा शब्द मराठीत आला की तो आधी लिंग घेतो, मग प्रत्यय घेतो. टेबलावर, स्टेशनात, बँकेत, पेन्सिलींचा. बाटली आणि इस्पितळ तर इतकी घरची झाली की त्यांचे परदेशी माहेर आठवतही नाही. काही शब्द थोडे अंतर राखतात. ‘बशीत बसलो’ म्हटले तर चहाच्या बशीत बसल्यासारखे होईल, म्हणून आपण ‘बसमध्ये’ म्हणतो. उर्दूत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आमची मुले ‘टेबल मोठा आहे’ असे लिहितात. तिथे ‘मोठे’ करणे हे शिक्षकाचे कामच आहे. पण घरीदारी सारे जो शब्द बोलतात तोच खोडणे म्हणजे मुलाला ‘तुझे घर वहीत आणू नकोस’ असे सांगणे होय.

तर मग वाक्यात सहज बसणारा प्रत्येक इंग्रजी शब्द चालेल काय? इथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी अब्बांनी एका संस्थेला ‘डोनेशन’ दिले. पावती मिळाली नाही. रात्री अम्मीने विचारले, “ये जकात है या सदका?” अब्बा म्हणाले, “दोनों नहीं।” आणि गप्प झाले.

प्रवेशासाठी अशी रक्कम घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही ‘डोनेशन दिले’, ‘डोनेशनची सोय झाली’ ही वाक्ये आपण बिनदिक्कत बोलतो. व्याकरणात कुठेही खोट नाही. मात्र त्याच जागी ‘दान’ लिहून पाहा. ‘प्रवेशासाठी दान दिले’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. दुसरा मराठी शब्द सुचतो तो ‘लाच’, आणि तो लिहिण्याची हिंमत होत नाही.

कुणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतातच. खरे आहे. आपली जकातही मराठीत नाक्यावरचा कर झाली आणि 2017 साली जीएसटी आल्यावर मुंबईचे जकात नाके बंद झाले. पण नाक्यावर पैसे भरणाऱ्याला आपण कर भरतो आहोत हे ठाऊक असे. तिथे लपवाछपवी नव्हती. ‘डोनेशन’ मात्र दानाचे पुण्य अंगावर पांघरून सौदा करते. घेणाऱ्याची अब्रू राहते आणि देणाऱ्याचीही. इंग्रजीचा पडदा आपल्याला दोन्हीकडून सोयीचा वाटतो.

आमल, म्हणजे कर्म, नियतीवर म्हणजे हेतूवर तोलले जाते, अशी आपली शिकवण. शब्दालाही हेच माप लावावे असे आम्हांला वाटते. तो कुठल्या मुलखातून आला हे विचारण्याआधी तो काय सांगतो आणि काय झाकतो, हे विचारावे.

त्या मुलीच्या वहीतला शेरा आम्ही खोडला आणि ‘फॉर्म’ पुन्हा लिहून दिला. तिच्या अब्बांनी खरोखरच फॉर्म भरला होता. आमच्या अब्बांनी काय भरले होते, ते आज प्रथमच त्याच्या खऱ्या नावाने लिहितो आहोत : लाच.