मागितल्यावर येणारे विमान

कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर बसले आहेत, हे 1999 च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कळले. हवाई दलाच्या विमानांनी त्यांच्यावर पहिला हल्ला केला तो 26 मे रोजी. मधले जवळजवळ तीन आठवडे पायदळाच्या तुकड्या उघड्या उतारांवरून, वर दगडी आडोशात बसलेल्या मशीनगनच्या तोंडावर चढत राहिल्या. हे तीन आठवडे का गेले, या प्रश्नाचे उत्तर विजयाच्या कौतुकात हरवू नये असे मला मनापासून वाटते. जमिनीवरच्या लढाईला आकाशातून मदत कशी मिळते आणि का अडते, ते या एका विलंबातून जितके कळते तितके विमानांच्या जाती आणि वेग पाठ करून कळत नाही.

भूदलाने सुरुवातीला सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली. हवाई दलाचे म्हणणे असे की पंधरा-सोळा हजार फुटांवर हल्ल्याची हेलिकॉप्टरे नीट चालणारच नाहीत, आणि जी चालतील ती खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांना अलगद सापडतील. लढाऊ विमाने वापरायची तर युद्धाची पातळीच बदलते, तेव्हा सरकारची परवानगी हवी. ती परवानगी 25 मे रोजी मिळाली, आणि तीही नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. हवाई दल टाळाटाळ करते आहे, असे भूदलात वाटत होते. भूदल पूर्ण चित्र समोर ठेवत नाही आणि कोणते यंत्र वापरायचे तेही परस्पर ठरवते, असे हवाई दलाला वाटत होते. तेव्हाचे भूदलप्रमुख वेद प्रकाश मलिक आणि हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस या दोघांनीही पुढे आपापली बाजू लिहून मांडली. दोघांचेही लेखन प्रामाणिक आहे. पण ते एकापाठोपाठ एक वाचताना खंत वाटते, कारण हा संवाद मेच्या पहिल्याच आठवड्यात, एकाच टेबलाशी बसून व्हायला हवा होता. ‘हेलिकॉप्टर द्या’ ही मागणीच मुळात चुकीची होती. ‘त्या कड्यावरच्या लोकांना दारूगोळा आणि अन्न मिळू नये, यासाठी तुम्ही काय करू शकता?’ असे विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते.

पुढचे तीन दिवस महागात पडले. 27 मे रोजी एक मिग-27 आणि एक मिग-21 गेले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा हुतात्मा झाले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत पकडले गेले. 28 तारखेला क्षेपणास्त्राने एक एमआय-17 हेलिकॉप्टर पाडले आणि त्यातले चौघेही गेले. हेलिकॉप्टरांबद्दलची भीती खरी ठरली, पण ती खरी ठरायला चार माणसे खर्ची पडली. त्यानंतर हल्ल्यासाठी हेलिकॉप्टरे वापरणे थांबले आणि विमाने क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, खूप उंचावरून उडू लागली.

तेवढ्या उंचीवरून लक्ष्य काय दिसत असेल, याची कल्पना करून पाहा. बर्फ आणि काळा खडक, त्यात दगड रचून केलेला काही फुटांचा आडोसा, किंवा बर्फावरच उभारलेले पांढरे तंबू. हवा विरळ असल्यामुळे सपाट प्रदेशासाठी केलेली गणिते इथे चुकतात, बॉम्ब अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन पडतो. चाळीस-पन्नास मीटरचा फरक मैदानात चालून जातो; डोंगराच्या धारेवर तोच बॉम्ब पलीकडच्या दरीत जातो. जुन्या मिग-21 च्या वैमानिकांनी हातात धरायचे जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच यांच्या मदतीने बॉम्ब टाकण्याची रीत बसवली. मिराज-2000 वर लेसरने नेम धरणारी सामग्री काही आठवड्यांत बसवून घेतली. या माणसांची जिद्द पाहिली की अभिमान वाटतो. ही तयारी लढाई सुरू झाल्यावर करावी लागली, याचे मात्र वाईट वाटते.

17 जून रोजी मिराजनी बटालिक भागातल्या मुंथो ढालोवर हल्ला केला. ते शिखर नव्हते, तो रसदीचा तळ होता. तिथून वरच्या ठाण्यांना अन्न, दारूगोळा, माणसे पुरवली जात. माझ्या मते त्या युद्धात हवाई दलाचे सर्वांत मोलाचे काम हे आहे. खंदकातल्या सैनिकाला शेजारच्या टेकडीवर पडलेला बॉम्ब दिसतो, म्हणून हवाई मदत म्हणजे तेवढीच असे वाटते. मागे दहा किलोमीटरवर जळालेला साठा त्याला दिसत नाही. पण तो साठा जळाल्यामुळेच समोरची मशीनगन आठवड्याने गप्प होते.

तरीही हे पुरेसे नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. टायगर हिलवर लेसरने नेम धरलेला बॉम्ब पडला 24 जूनला; शिखर हाती आले 4 जुलैला, आणि ते 18 ग्रेनेडियर्स व 8 शीखच्या जवानांनी रात्रीचे कडे चढून घेतले. तोफखान्याने या युद्धात सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. केवळ विमानांनी युद्ध जिंकता येते, हा दावा कारगिलच्या कोणत्याही उतारावर टिकत नाही.

मागितल्यावर मदत मिळण्यातही नशीब लागते, हे आपला इतिहास सांगतो. 1962 च्या चीनशी झालेल्या युद्धात नामका चू ओढ्यावर जवानांना विमानातून रसद टाकली जात होती आणि तिचा मोठा भाग दऱ्यांत हरवत होता. लढाऊ विमाने मात्र जमिनीवरच होती. चीन कलकत्त्यावर बॉम्ब टाकील, या धास्तीने ती वापरलीच नाहीत. तिबेटच्या उंच धावपट्ट्यांवरून चिनी विमाने फारसा भार घेऊन उडू शकणार नाहीत, हा हवाई दलाचा हिशेब कोणी नीट ऐकून घेतला नाही. 19 नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींकडे लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या, तेव्हाही आपल्या हंटर आणि कॅनबेरा विमानांना हल्ल्याचा आदेश नव्हता. याहून दुःखद विसंगती आपल्या लष्करी इतिहासात मला दिसत नाही.

तीन वर्षांनी, 1 सप्टेंबर 1965 रोजी, छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी चारच्या सुमारास भूदलप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले. ते मंत्री होते यशवंतराव चव्हाण. पंतप्रधानांच्या संमतीची वाट न पाहता त्यांनी काही मिनिटांत होकार दिला, आणि तासाभराच्या आसपास पठाणकोटहून विमाने उडालीही. यशवंतरावांच्या धैर्याचे श्रेय कमी करायचे कारण नाही. पण त्या संध्याकाळी जुनाट व्हॅम्पायर विमाने पाठवावी लागली, त्यांतली चार पडली, आणि धुळीत कोण आपले, कोण परके ते न कळून आपल्याच तुकड्यांवरही मारा झाला. वैमानिकांना जमिनीवरून वाट दाखवणारी व्यवस्था जागेवर नव्हती. मंत्र्याचा निर्णय काही मिनिटांत होऊ शकतो; वैमानिक आणि पायदळातला अधिकारी यांची एकमेकांच्या भाषेची ओळख त्या मिनिटांत होत नाही.

ती ओळख आधी असली की काय होते, ते 1971 मध्ये पूर्वेला दिसले. पहिल्या काही दिवसांत ढाक्याची तेजगाव धावपट्टी निकामी झाली आणि त्यानंतर आपल्या सैन्याला वर मान करून पाहावे लागले नाही. मेघना नदीवरचा पूल शत्रूने उडवला तेव्हा लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी हवाई दलाच्या ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या हेलिकॉप्टरांतून माणसे पलीकडे उतरवली. दोघे त्या मोहिमेत एकत्र बसून विचार करत होते, म्हणून पूल नसतानाही ढाक्याची वाट थांबली नाही.

आज एकत्रित थिएटर कमांडवर, म्हणजे एका प्रदेशातली तिन्ही दले एकाच सेनापतीच्या हाती देण्यावर, जो वाद चालू आहे, त्यात हवाई दलाचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मंजूर 42 स्क्वाड्रन असताना प्रत्यक्षात तीसच्या आसपास आहेत. त्या वेगवेगळ्या कमांडमध्ये वाटल्या तर कुठेच पुरणार नाहीत. पण विमाने केंद्राच्या हाती राहणे आणि नियोजन एकत्र होणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कोणत्या तळावर कोणाची सही चालते, यावर वर्षे घालवण्यापेक्षा प्रत्येक डोंगरी ब्रिगेडच्या सरावात वैमानिकांना पहिल्या दिवसापासून बसवा. कारगिलनंतर 2001 मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा अशी शिफारस केली. तो प्रत्यक्ष पदावर यायला जानेवारी 2020 उजाडला. पुढच्या शिफारशीला तरी एकोणीस वर्षे लागू नयेत, एवढा आग्रह संसदेने आणि आपण वाचकांनी धरलाच पाहिजे.