सेनाचा खाडा

राहुरी तालुक्यातलं ताहराबाद हे महिपतींचं गाव. जन्म १७१५चा, ‘भक्तविजय’ १७६२चा. आम्हा कीर्तनकारांचं निम्मं दुकान त्यांच्याच मालावर चालतं. ते गावचे कुलकर्णी. आख्यायिका अशी की, ते पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला आणि घटकाभर थांबायला तयार होईना. महिपती उठले, काम उरकून आले, आणि पुन्हा चाकरीसाठी लेखणी धरायची नाही अशी शपथ त्यांनी घेतली.

सेना न्हाव्याचं आख्यान त्यांना इतकं साधलं ते यामुळेच, असं माझं मत. तिथंही तेच: सेना पूजेत, राजाचं बोलावणं आलेलं, घरून निरोप जातो की ते घरी नाहीत. राजाचा पारा चढतो, शिक्षा फर्मावली जाते. तेव्हा पांडुरंग स्वतः सेनाचं रूप घेऊन, धोकटी काखेला मारून वाड्यावर जातो. हजामत करतो, तेल लावतो. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसते. राजा खूश होऊन बक्षीस देतो, आणि देव ते मुकाट्यानं सेनाच्या धोकटीत ठेवून निघून जातो.

श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी असते. पाथर्डीकडच्या एका गावात त्या दिवशी हेच आख्यान लावलं होतं. समोर बहुतेक ऊसतोडीला जाणारी माणसं. प्रसादाच्या वेळी एक बाई जवळ आली आणि म्हणाली, “महाराज, त्या दिवसाचा खाडा सेनाच्या नावावर पडला का?”

बाकीच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही, कारण माझी नोकरी साखर कारखान्यात स्लीप बॉय म्हणून गेली. खाडा म्हणजे काय ते मी फडात उभं राहून पाहिलंय. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, घरात लग्न नाहीतर दवाखाना झालेला असतो. तोडणीचा दर टनाला २७३ रुपये होता, तो २०२४च्या जानेवारीत ३६६ ठरला. जोडीनं पहाटेपासून राबलं तर दोनेक टन ऊस तुटतो. बाई तापानं फणफणली तर तिचा रोज बुडतोच, नवराही एकटा म्हणजे अर्धा कोयता, आणि वर मुकादम दिवसाचे पाचशे, कुठं हजार, खाडा म्हणून उचलीत चढवतो. म्हणजे तापाचा दिवस तिला विकत घ्यावा लागतो.

मला एकदा टायफॉइड झाला होता. डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज दिला, अंगात ताकद येईपर्यंत घरी राहिलो, पगार पूर्ण आला. नगरच्या एमआयडीसीत विमा कायद्याखाली येणाऱ्या कामगारालाही आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाचे सत्तर टक्के मिळतात. त्याची सुरुवात १९४८च्या कायद्यानं झाली. ऊसतोडणारी बाई मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसतेच. तिचा मालक कोण, असं विचारलं की कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडं.

यावर आमच्याच मंडळींत एक उत्तर तयार असतं: देहाचे भोग देहाला, प्रारब्ध कुणाला चुकलंय? खरंय, ताप हा भोग असेल. पण पाचशे रुपये कापणारा हात काही प्रारब्धाचा नसतो, तो मुकादमाचा असतो, आणि त्याच्या मागं आणखी मोठे हात असतात. फळाची आशा धरू नकोस हा उपदेशही ज्यानं त्यानं स्वतःला करायचा आहे. मळीपासून साखरेपर्यंत सगळं फळ पदरात घेणाऱ्यानं तो मोळी उचलणाऱ्याला ऐकवला, तर ती गीता राहत नाही.

दुसरी शंका बागायतदारांची. पगारी रजा दिली तर लोक आजाराचं सोंग करतील. मी त्यांना म्हणतो, सेना आजारी तरी कुठं होता? चांगला धडधाकट, पूजेला बसला होता. देवानं दाखला मागितला नाही. बदलीवर गेला, वर मिळालेलं बक्षीसही सेनालाच दिलं. (आमच्या कारखान्यात बदली कामगाराला एवढं औदार्य दाखवताना मी कुणाला पाहिलं नाही.)

आपल्या पंथाचा देव असा काम करणारा देव आहे. जनीबरोबर जातं ओढतो, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. भक्ताचं अडलेलं काम कुणीतरी निभावलंच पाहिजे, हे संतांनी गृहीत धरलं आहे. मग आज ते कुणी निभावायचं, हा प्रश्न मला धर्माचाच वाटतो.

तो न सोडवल्यानं काय झालं ते शेजारच्या बीडनं दाखवलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं २०१९मध्ये ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले: ८२ हजारांहून अधिक बायका, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली. पाळीचे दिवस, अंगावर काढलेलं दुखणं, पडणारे खाडे आणि भीती घालणारे डॉक्टर, या सगळ्यांनी मिळून ते घडलं. कीर्तनात हे काढू नये असं दोन-चार गावांत मला सांगण्यात आलं. मी काढतो. माऊली म्हणून जिच्या पाया पडायचं तिचं शरीर बोलायला वर्ज्य कसं?

पैसा कुठून आणायचा, असंही विचारतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं आहेत, ती हवीतच. त्याच पैशातून हंगामात कोयत्यामागं ठरावीक आजारपणाचे दिवस भरून द्यावेत, आणि खाडा घेणाऱ्या मुकादमाशी करारच करू नये.

अडचण हजेरीची निघेल. कोण आलं, कोण आजारी, याची नोंद कुठं? मी जी स्लीप फाडायचो, तिच्यावर शेतकऱ्याचं नाव असे, गट नंबर, उसाची जात, गाडीचा नंबर, मुकादमाचं नाव. तोडणाऱ्या जोडीसाठी रकाना नव्हता. तो छापून घ्यायला कायदा बदलावा लागत नाही, शेतकी ऑफिसनं छापखान्याला एक चिठ्ठी पाठवली तरी पुरते.