खोलीपुरता आवाज

ॲम्प घ्यायचाय ना? घेऊ. आधी गिटार भिंतीला टेकवून ठेवा आणि जिथे रोज वाजवणार आहात, तिथेच बसा. रात्री साडेनऊचा सुमार धरा, जेवणं उरकलेली. मोबाइल पालथा घाला.

काय ऐकू येतंय? शहापूरच्या बाजारपेठेत घर असेल तर शेजारचा टीव्ही, कुणाच्या तरी टाकीत पडणारं पाणी. आसनगाव-आटगावकडे असाल तर कसाऱ्याकडे निघालेली मालगाडी. ती पुढे गेली तरी तिचा घुमारा मागे रेंगाळतो. मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या अंगाला माळशेजकडे चाललेला एखादा ट्रक, मग नुसते रातकिडे. वर पत्रा असेल आणि पाऊस लागला असेल तर मात्र हा हिशेब सोडून द्या. पत्र्यावरच्या सरींपुढे घरगुती ॲम्पचं काही चालत नाही आणि त्या रात्री कुणाची तक्रारही येत नाही.

अजून थोडं ऐका. आता जे कानावर येतंय, ते तुमच्या घराचं माप. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्याकडची आतली खोली कितीदा तरी याच्याही खाली असते. लोकांना वाटतं, गावाकडे मोकळी जागा, हवं तेवढं वाजवा. खरं तर उलटं आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमधला जो आवाज रहदारीत विरून जातो, तोच इथे चार घरं ओलांडून जातो. गाव जितकं शांत, तितका ॲम्प लहान लागतो.

आपल्या भागात तारेला वीज जोडली की आठवतो तो बेंजो. हळदीच्या रात्री टेम्पोवर कर्णे बांधून वाजणारा, अख्ख्या आळीला नाचवणारा. त्याचं कामच ते, तिथे लाजून चालत नाही. पण आपल्या कानांना विजेच्या तारेची ओळख तिथेच झालेली असल्यामुळे ‘आवाज’ म्हटलं की मोठाच, हे मनात पक्कं बसलेलं असतं. ते जरा सैल होऊ द्या.

आता गिटार घ्या. ॲम्प नाही, नुसती तार. सहावी तार अंगठ्याने सोडा आणि विझेपर्यंत ऐका. मग पिकने वाजवा. पिक तारेला लागल्याची कोरडी टिकटिक ऐकू येईल. ॲम्पचा आवाज निदान ही टिकटिक झाकेल इतका हवा, नाहीतर एका कानाने सूर आणि दुसऱ्याने खडखड ऐकत बसाल. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मघाशी ऐकलेल्या घराने घालून दिलीय. या दोहोंमधल्या पट्ट्यात तुमचा सगळा रियाज होणार आहे. पट्टा अरुंद आहे.

वॉटचा आकडा या पट्ट्याबद्दल फार थोडं सांगतो. १० वॉटच्या जागी १०० वॉट आणले तर आवाज दहापट होत नाही, कानाला जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे एका वॉटचा ॲम्पही १० वॉटच्या निम्म्याने वाजतो; त्याला खेळणं समजू नका. व्हॉल्व्हचा ॲम्प मला स्वतःला फार आवडतो, पण तो तापवून, ताणून वाजवल्यावरच खुलतो. १५ वॉटचा व्हॉल्व्ह खोलीत खुलेपर्यंत शेजारी दारात उभे असतात.

बघायचं ते नॉबकडे. दुकानात गेल्यावर व्हॉल्यूम शून्यावर न्या, तार छेडा आणि नॉब अगदी सावकाश फिरवा. काही ॲम्प एकपर्यंत गप्प राहतात आणि मग एकदम अंगावर येतात. तो नको. आवाज जिथे हळूहळू उमलत जातो तो घ्या, कारण नॉबचा तो पहिला पाव भागच तुम्ही रोज वापरणार. गेन आणि मास्टर वेगवेगळे असले तर उत्तम: गेन चढवून मास्टर उतरवला की खरखरीत, तापलेला सूर हलक्या आवाजातही मिळतो.

आसनगावहून लोकलने सीएसएमटी गाठली की धोबी तलावचं १८६५ पासूनचं फर्टाडोस चालत जाण्याजोगं आहे. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागेल. पण कुठल्याही दुकानात एक फसगत ठरलेली: तिथे एसी, रस्ता आणि शेजारी ड्रमवर हात साफ करणारा कुणीतरी असतो. त्या गलक्यात लहान ॲम्प बिचारा वाटतो आणि माणूस मोठा उचलून आणतो. तेव्हा मघाची खोली आठवा.

घरी आणल्यावर तो जमिनीवर ठेवू नका आणि लोखंडी कपाटावर तर नकोच, आतले हँगर साथ करू लागतात. स्टुलावर, तोंड तुमच्याकडे, हातभर अंतरावर. जवळ बसलं की कमी आवाजही पुरतो. सूर पातळ वाटेल. तो दोष ॲम्पचा नाही. हलक्या आवाजात कानाला खर्जाचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. व्हॉल्यूमला हात न लावता बास किंचित वाढवा. किंचितच, कारण भिंतीपलीकडे आधी पोचतो तो बास.

मग हात तारांवरून काढा. गुणगुण ऐकू येतेय? सिंगल कॉइल पिकअप असेल तर येणारच. जुन्या ट्यूबलाइटचा चोकही तो पकडतो. गिटार मांडीवर ठेवून बसल्या जागी हळूहळू वळा. एका दिशेला गुणगुण जवळजवळ मावळेल. तीच तुमची बसायची दिशा. तारांना बोट लावताच गुणगुण थांबत असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, त्यात चालढकल नको.

वीज जाणार, हे धरून चला. साध्या इन्व्हर्टरवर ॲम्प भणभणतो, म्हणून सेलवर चालणारा बरा. रोलँडचा मायक्रो क्यूब सहा पेन्सिल सेलवर चालतो.

दहानंतर हेडफोन. रोजची सवय मात्र नको, त्यात आवाज नकळत चढत जातो आणि आईने मारलेली हाकही कळत नाही. हेडफोन लावल्यावर स्पीकर खरोखर बंद होतो ना, तेवढं दुकानातच बघून घ्या.