शिष्य एकटा उडतो तेव्हां

सातारा-सांगलीकडील मातीस कुस्तीचें वेड जुनें आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, आणि १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. या मुलुखांतील तालमींत एक समजूत चालत आली आहे : वस्तादानें शिष्यास सर्व डाव शिकवावे, पण एक राखून ठेवावा. वाघाला सारी विद्या देऊन झाडावर चढण्याची तेवढी न देणाऱ्या मांजराची गोष्ट आपण लहानपणीं ऐकलेली असते. तिचें तात्पर्यही हेंच. शिष्य आपल्यापुढें जाईल, कदाचित् आपल्यावरच उलटेल, हें भय या शहाणपणाच्या मुळाशीं आहे. विद्यादानांत खरें समाधान असतें कीं काय, या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस या राखलेल्या डावापासूनच आरंभ करावासा वाटतो; कारण जेथें तो राखतांच येत नाहीं असा एक धंदा आपल्याच भागांत येऊन पोंचला आहे.

कोयना धरणाच्या कामाच्या सोयीसाठीं १९५५ च्या सुमारास कऱ्हाड येथें विमानतळ झाला. पुढें तेथें वैमानिकांस शिक्षण देण्याचेंही काम झालें. शिकाऊ विमानांत शिष्य व शिक्षक शेजारीं बसतात आणि दोघांपुढें सुकाणूची सारखीच योजना असते. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, इंग्लंडांतील गॉस्पोर्ट येथें रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानें दुहेरी सुकाणूवर शिकविण्याची पद्धत नीट बसविली. संकटापासून शिष्यास नुसतें दूर ठेवूं नये, तर त्यांत मुद्दाम शिरून बाहेर कसें पडावें हें त्यास शिकवावें, हें तिचें सूत्र. म्हणून शिक्षकाचे हात दांडीजवळ असतात, दांडीवर नसतात. शिष्याची चूक दिसतांच ती आपण सुधारणें सोपें आहे. ती त्याची त्याला उमगेपर्यंत, परंतु हाताबाहेर जाणार नाहीं इतपतच, थांबणें ही या धंद्यांतील अवघड विद्या होय.

मग एके सकाळीं दोन-तीन फेऱ्या झाल्यावर शिक्षक विमान थांबवावयास सांगतो, आपला पट्टा सोडतो, खालीं उतरून दार लावतो आणि दूर होतो. एका माणसाचें ओझें कमी झाल्यानें विमान नेहमींपेक्षां लौकर वर चढतें. शिष्यास त्याचें नवल वाटतें. खालीं उभ्या असलेल्यास मात्र आपला हात आतां तेथवर पोंचत नाहीं एवढेंच कळत असतें. एखादी गोष्ट त्यानें शिकवावयाची राखली असेल, तर तिचा हिशेब याच फेरींत व्हावयाचा.

अशा मनुष्यास घरचीं माणसें काय विचारतात? ‘तूं मोठें विमान केव्हां चालविणार?’ व्यावसायिक परवान्यास आपल्याकडे २०० तासांचें उड्डाण लागतें. तो मिळाला तरी विमान कंपनींत लगेच जागा मिळतेच असें नाहीं. म्हणून कित्येक तरुण शिक्षक होऊन तासांची भर घालीत राहतात. शिष्याबरोबर घालविलेला तास शिक्षकाच्याही वहींत जमा होतो. यांत गैर कांहींच नाहीं. पोट सर्वांनाच आहे. पण त्या तासाचे पैसे पुष्कळदां शिष्याच्या बापानें कर्ज काढून भरलेले असतात. ज्यास तो तास केवळ आपल्या वहींतील आंकडा वाटतो, त्यानें शिष्याची पायरी केली. पायरीवर पाय देऊन वर जातां येतें, परंतु तिच्यापाशीं समाधान सांपडत नाहीं.

१९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. १९४७ सालीं त्यांच्या संस्थेचें महाविद्यालय साताऱ्यास निघालें. ज्या दारांतून आपण कधीं गेलों नाहीं तें दुसऱ्यांसाठीं उघडण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. ‘तुम्ही पदवी केव्हां घेणार?’ असें त्यांस विचारणें आपणांस हास्यास्पद वाटेल. मग उड्डाण शिकविणाऱ्यासच तसा प्रश्न कां करावा?

तथापि हें समाधान निर्धास्त नव्हे. आपल्या हातचे शिष्य लौकर तयार होतात ही कीर्ति मिळावी म्हणून कच्च्या मुलास एकटें सोडणारा शिक्षक अपराधी आहे, हें कोणीही मान्य करील. पण दुसरा एक अपराध सभ्य वेषांत येतो. शिष्य तयार झाला आहे, हें मनांत पटलेलें असतें; तरीही ‘आणखी एक फेरी’, ‘आज वारा बरा नाहीं’, असें म्हणत शिक्षक शेजारची जागा सोडीत नाहीं. त्यास ही काळजी वाटते. वस्तुतः आपल्यावांचून त्याचें अडावें ही इच्छा तिच्यांत लपलेली असते. हाही राखलेला डावच. फक्त येथें विद्या न राखतां निरोप राखलेला असतो. आम्हां आईबापांस हा डाव चांगला ठाऊक आहे. मुलगी शिकण्यासाठीं पुण्यास जावयास निघाली, कीं सांगलीच्या स्थानकावर आपण शेवटच्या घटकेपर्यंत सूचना देत राहतों, त्या सर्वच कांहीं तिच्या उपयोगाच्या नसतात.

म्हणून आमच्या मतें या धंद्याचें समाधान शिष्याच्या कृतज्ञतेवर अवलंबून ठेवूं नये. एकटा वर गेलेला मुलगा त्या घटकेस शिक्षकाचें स्मरण करीत नसतो, आणि करूंही नये. त्याचें लक्ष धावपट्टीकडे असावें. तो नीट उतरला, कीं शिक्षकानें त्याचा हात हातांत घ्यावा, आणि पुढच्या शिष्यास बोलवावें.