पडद्याला मुक्काम नाही

संतसज्जनहो, मन आवरत नाही ही अर्जुनाची तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. भगवंतांनी त्यावर अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले. एक नव्हे, दोन. हे ध्यानात ठेवून आजचे गाऱ्हाणे पाहू.

मुलगा असो वा मुलगी, पंधरावे लागले की मोबाईल हातचा सुटत नाही. रात्री पांघरुणात पडदा चमकतो, सकाळी दहा हाका माराव्या लागतात, बोलले तर चिडचिड. मग बाप रागाने मोबाईल कपाटात टाकतो. हे झाले वैराग्य, तेही लादलेले! पण मोकळ्या झालेल्या दोन तासांत पोराने करावे काय? मन पुन्हा तिकडेच धावणार. अभ्यास दिलाच नाही ना!

या वयाचा पहिला अभ्यास देहाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असे अंग हलवावे, आणि पडद्यासमोरचे बसणे कमी करावे. २०१६ च्या आकड्यांप्रमाणे जगातील ११ ते १७ वयाच्या दर १०० मुलांपैकी ८१ मुलांची एवढीही हालचाल होत नव्हती.

यातले वर्म साधे आहे. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडला की झोप लांबते. झोप लांबली की सकाळी अंग जड. जड अंग मैदानावर जात नाही, अंथरुणातच मोबाईल चाळत बसते. हे रहाटगाडगे उलटे फिरवायचे तर घाम गाळावा. दमलेला देह आपणहून झोप मागतो.

वारकऱ्याला हे काय सांगावे! आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरची वाट. दिवेघाट चढून आलेल्याला पाठ टेकताच झोप लागते. शिवाय पालखीचा रोजचा मुक्काम ठरलेला. पडद्याला मुक्काम नाही. एक चित्र संपते न संपते तोच दुसरे पुढे हजर. करणाऱ्यांनी ते तसेच केले आहे. म्हणून मुक्काम आपणच ठरवावा.

मात्र नुसता व्यायामही पुरा पडत नाही. संध्याकाळी हुतूतू खेळून आला आणि रात्री एकपर्यंत पडदा पाहत बसला, तर ती कमाई वाया गेली. अभ्यासाला वैराग्याची जोड हवीच.

तेव्हा माउली, करायचे एवढेच. पोरांना एकटे पिटाळू नका, बरोबर चाला. फुगडी, सूर्यनमस्कार, पोहणे, जे आवडेल ते रोज घडू द्या. निजण्यापूर्वी तासभर घरातले सारे मोबाईल एका जागी ठेवा, तुमचाही त्यात असू द्या. कीर्तनात बसून आपणच मोबाईल चाळू लागलो, तर पोरांनी कोणाचे ऐकावे? दिंडीत मागचा पुढच्याचे पाऊल पाहून चालतो. घरातही तेच आहे, आणि तिथे पुढे आपण आहोत.

रामकृष्णहरी!