निदानाचे मोल

घरातील पंखा, मिक्सर, इस्त्री किंवा जुना रेडिओ दुरुस्त करण्याच्या कामात तीन गोष्टी एकत्र येतात: बिघाड कशाचा आहे हे ओळखणे, त्यासाठी लागणारा सुटा भाग मिळवणे आणि तो नीट बसवणे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यांची किंमत पावतीवर लिहिता येते आणि ती देताना ग्राहकाला फारसे खटकत नाही. पहिली गोष्ट म्हणजे निदान. अनुभव, वेळ आणि बुद्धी यांचा सर्वाधिक खर्च तिथे होतो, पण तिचे वेगळे मोल देण्याची रीत भारतीय बाजारात रुजलेली नाही. दुरुस्तीचा व्यवसाय आज अडचणीत येण्यामागे कंपन्यांची धोरणे, नव्या वस्तूंच्या उतरलेल्या किमती आणि ग्राहकांच्या बदललेल्या सवयी यांचा वाटा मोठा आहेच. परंतु निदानाला किंमत नसणे हे कारण त्यांच्याइतकेच जुने आणि खोल आहे, आणि दुरुस्तीच्या हक्काची चर्चा होते तेव्हा त्याचाच विचार सर्वांत कमी होतो.

छताच्या पंख्याचे उदाहरण घेता येईल. घरात येणारी वीज एका फेजची असते आणि अशा विजेवर चालणारी साधी मोटर आपणहून फिरू लागत नाही. म्हणून पंख्यात तारांची दोन वेटोळी ठेवतात आणि त्यांपैकी एकाच्या वाटेत कपॅसिटर जोडून त्यातला प्रवाह दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे सरकवतात, ज्यामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या कपॅसिटरला कारागीर अजूनही कंडेन्सर म्हणतात. बहुतेक पंख्यांत तो 2.5 मायक्रोफॅरडच्या आसपास असतो आणि त्यातील धातूचा अतिशय पातळ थर वर्षानुवर्षे कणाकणाने जळत गेल्यामुळे त्याची क्षमता घटते. पंखा मंदावतो, घरातली माणसे विजेचा दाब कमी असल्याचे अनुमान करतात आणि उन्हाळा तसाच काढतात. भाग अगदी स्वस्त असतो, बदलायला दहा मिनिटे लागतात आणि एका कंपनीचा कंडेन्सर दुसऱ्या कंपनीच्या पंख्याला विनातक्रार चालतो. परंतु पंखा मंदावण्याचे कारण दर वेळी कंडेन्सर हेच असेल असे नाही. बेअरिंग कोरडे पडलेले असेल, रेग्युलेटर बिघडला असेल, वाइंडिंगचे काही वेढे आतल्या आत जुळले असतील किंवा दाब खरोखरच कमी असेल. वीज बंद करून पाते हाताने फिरवल्यावर ते किती वेळ मोकळे फिरते, चालू केल्यावर पंखा नुसता गुणगुणतो की जागचा हलतो, काही वेळाने मोटरचे कवच किती तापते, यांवरून कारागीर एकेक शक्यता बाद करत जातो. ही परीक्षा त्याला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळालेली नसते. ती शेकडो पंखे उघडून आलेली असते.

मिक्सरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्याच्या तळाशी लाल रंगाचे एक छोटे बटण असते. भांड्यात फार घट्ट वाटण अडकून मोटरवर ताण आला की हे ओव्हरलोडचे बटण बाहेर येते आणि वीजपुरवठा तोडते. मोटर थोडी थंड झाल्यावर ते दाबले की मिक्सर पूर्ववत चालतो. पुष्कळ मिक्सर एवढ्याच कारणाने दुकानात येतात. दुकानदाराने बटण दाबून मिक्सर परत दिला, तर त्याने काही केलेच नाही असे ग्राहकाला वाटते आणि पैसे मागितले तर तो लुबाडतो असे वाटते. मग प्रामाणिक कारागीर पैसे घेत नाही. दुसरा एखादा मिक्सर ठेवून घेतो, संध्याकाळी बोलावतो आणि कार्बन बदलल्याचे सांगून रक्कम लावतो. (कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, घासून झिजणारे दोन छोटे ठोकळे.) या लबाडीचे समर्थन करता येणार नाही; पण तिची मुळे ग्राहकाच्या अपेक्षेत आहेत हेही नाकारता येणार नाही. नाडी पाहून आजार काही नाही असे सांगणाऱ्या डॉक्टरची फी रुग्ण मुकाट्याने देतो, कारण तिथे तो औषधाचे नव्हे, तपासण्याचे पैसे देत असतो. कारागिराच्या तपासण्याला हा मान नाही, म्हणून त्याला आपल्या ज्ञानाची किंमत सुट्या भागाच्या किमतीत दडवावी लागते. आणि त्या भागाची किंमत आता मोबाइलवर क्षणात कळत असल्यामुळे तो आडोसाही उरलेला नाही.

याला एक सामाजिक इतिहास आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुतार आणि लोहार शेतकऱ्याची नांगर, कुळव, मोटेची चाके अशी साधने वर्षभर नीट ठेवत आणि त्याबद्दल सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्या व्यवस्थेत मोबदला तुटलेल्या भागागणिक मोजला जात नव्हता. साधन वर्षभर चालते राहावे यासाठी तो ठरलेला होता, त्यामुळे दुरुस्ती जितकी टिकाऊ तितके कारागिराचे कष्ट कमी होत. त्या व्यवस्थेचे गोडवे गावेत अशी मात्र ती नव्हती. बलुते जातीला बांधलेले होते, व्यवसाय बदलण्याची मोकळीक नव्हती, मोबदल्याचे माप शेतकऱ्याच्या हाती होते, आणि हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे ही समजूत तिने पक्की केली. रोख पैशाचा व्यवहार आला तेव्हा कारागीर त्या बंधनातून बऱ्याच अंशी सुटला, परंतु ही समजूत सुटली नाही. देखभालीसाठी वर्षाचा मोबदला देण्याची कल्पना आज वातानुकूलन यंत्रे आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रे यांच्या वार्षिक करारांतून परत आली आहे; मात्र तिचा लाभ बहुतांशी कंपनीला होतो, पेठेतल्या स्वतंत्र कारागिराला नव्हे.

रेडिओच्या काळात निदानाला एक मोठा आधार होता. अनेक संचांच्या मागच्या पुठ्ठ्यावर किंवा पेटीच्या आत विद्युत्-मंडलाचा आराखडा, ज्याला दुकानात सर्किट म्हणतात, छापून चिकटवलेला असे. ठाण्याला मर्फीचे रेडिओ तयार होत त्या काळापासून मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुढे पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या बाजारपेठा वाढत गेल्या, त्या या आराखड्यांच्या आणि सुट्या भागांच्या जोरावर. आराखडा समोर असला की कोणत्या ठिकाणी किती दाब मिळायला हवा हे कळते, मीटर लावून तो पाहता येतो, आणि जिथे तो मिळत नाही त्याच्या अलीकडे शोध थांबतो. पुढे चित्रनलिकेच्या दूरचित्रवाणी संचांवर काम करणाऱ्या कारागिरांनी लक्षणांवरून निदान करण्याचे एक संपूर्ण शास्त्र उभे केले. पडद्यावर मध्यभागी एकच आडवी प्रकाशरेषा उरली, तर चित्र उभ्या दिशेने पसरवणारा विभाग बंद पडला आहे. आवाज आहे आणि पडदा काळा आहे, तर उच्च दाब निर्माण करणारा एलओटी तपासायचा. संचावर हलकी थाप मारली की चित्र येते, तर कुठेतरी ड्राय सोल्डर आहे, म्हणजे डाख तडकून सांधा सुटला आहे. हे सारे ज्ञान तोंडी होते, मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात होते, आणि त्याचे पद्धतशीर संकलन करावे असे फारच थोड्यांना वाटले. चित्रनलिकेचे संच गेले तसे तेही जाते आहे; मराठी ज्ञानव्यवहाराचे हे मोठे नुकसान मानले पाहिजे.

आजच्या उपकरणांत आराखडा मिळत नाही. अधिकृत सेवाकेंद्रातही तो हाताशी ठेवून शोध घेण्यापेक्षा संपूर्ण सर्किट बोर्ड बदलणे सोयीचे ठरते, कारण तासभर निदान करणाऱ्या कुशल माणसाचा पगार बोर्डापेक्षा महाग पडतो असा हिशेब केलेला असतो. या हिशेबात बोर्डाची किंमत ग्राहक देतो आणि जुन्या बोर्डाचा कचरा समाज सांभाळतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 मधील अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगभर 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22.3 टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. एका निकामी झालेल्या भागापायी चांगले असलेले असंख्य भाग ज्या बोर्डाबरोबर फेकले जातात, तो बोर्ड या ढिगाऱ्यात पडतो.

निदानाचे महत्त्व दुरुस्तीपुरतेच नाही, हे भारतीय स्वयंपाकघराच्या इतिहासातून दिसते. 1960 च्या दशकाच्या आरंभी मुंबईत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला आणि त्याची दुरुस्ती होऊ शकेना. तो यंत्रप्रकार मऊ पदार्थ घुसळण्यासाठी घडवलेला होता. भिजवलेली डाळ, ओले खोबरे आणि कोरडा मसाला वाटण्याचा भार त्याच्या मोटरला पेलणारा नव्हता. म्हणजे बिघाड यंत्राच्या एखाद्या भागात नसून यंत्र आणि स्वयंपाक यांच्या न जुळण्यात होता. या ओळखीतून ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला आणि त्याने पाट्या-वरवंट्याचे कष्ट असंख्य घरांतून कमी केले. उपकरणे इथल्या कारणांनी बिघडतात, हे दुरुस्ती करणाऱ्याला सर्वांत आधी कळते: कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत बोर्डावरचे तांबे हिरवे पडते, उबेला आलेली पाल इन्व्हर्टरमध्ये किंवा वातानुकूलन यंत्रात दोन सांध्यांना चिकटून मरते आणि बोर्ड जाळते, वीज गेल्यानंतर परत येताना दाब उसळतो आणि शीतकपाटाचा कॉम्प्रेसर जातो. ही माहिती कारागिराकडून कारखान्यापर्यंत पोहोचण्याची वाट जवळपास नाही. कारागिराच्या निदानाच्याही आधीची पायरी घरातच असते. वाटताना आवाज बदलला, जळका वास आला, भांड्याखालून काळसर पाणी झिरपले, हे मिक्सर रोज वापरणाऱ्या बाईने पहिल्यांदा टिपलेले असते आणि चांगला कारागीर तिला आधी प्रश्न विचारतो. तिच्या निरीक्षणालाही तांत्रिक ज्ञानाचा दर्जा मिळालेला नाही.

इथे जुगाडाचा विचार करणे भाग आहे, कारण भारतीयांच्या दुरुस्तीप्रेमाचे कौतुक करताना बहुधा त्याचेच नाव घेतले जाते. जुगाड आणि दुरुस्ती यांत निदानाचाच फरक आहे. किटकॅट फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालणे हा जुगाड झाला. प्रवाह जास्त का होतो हे शोधणे ही दुरुस्ती झाली. पहिल्या उपायाने दिवे लागतात आणि भिंतीतली वायर तापत राहते. इस्त्रीच्या तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन मोडून तो प्लग दोन पिनांच्या जागेत बसवणारा माणूस कल्पक ठरत नाही, तो घरातल्यांचा जीव धोक्यात घालतो. हौसेने उपकरणे उघडणाऱ्यांनाही मर्यादा पाळाव्या लागतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही प्राणघातक विद्युतभार उरू शकतो. चित्रनलिकेच्या संचातही तसेच.

दुरुस्तीचा आग्रह म्हणजे जुन्याचा आग्रह, असा एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. जुना पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो. बीएलडीसी प्रकारचा, म्हणजे कार्बनविना चालणारी आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डाने नियंत्रित केलेली मोटर असलेला पंखा सुमारे 30 वॉटमध्ये तितकाच वारा देतो. रोज 12 तास वापर धरला, तर वर्षाला जवळपास 200 युनिटांचा फरक पडतो. अशा स्थितीत जुना पंखा जपत राहणे पर्यावरणाच्या हिताचे आहे असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु नव्या पंख्याचा बोर्ड जळला की त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा बोर्ड शोधावा लागतो आणि तो मिळाला नाही तर तांबे, चुंबक, पाती सगळे सुस्थितीत असताना पंखा भंगारात जातो. कंडेन्सर कुणाचाही कुणालाही चालतो; बोर्डही तसा चालेल असे मानक ठरवण्यात तंत्रज्ञानाची न सुटणारी अडचण नाही. ते ठरत नाही, कारण ते ठरवा असे बजावणारे कुणी नाही.

कायद्याच्या बाजूने काही पावले पडली आहेत. मोटारगाड्यांचे सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 उत्पादकांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ज्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा समावेश होता. त्यानंतर दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने 2025 मध्ये आपला अहवाल दिला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे: कागदपत्रांची उपलब्धता, सुटे करण्यातील सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत वगैरे कसोट्यांवर वस्तूला दहापैकी गुण मिळतात आणि ते विक्रीच्या वेळी दाखवावे लागतात. भारतात असा निर्देशांक सक्तीचा व्हायलाच हवा. मात्र तो शहरातल्या ग्राहकाला खरेदीच्या वेळी दिसणारा आकडा एवढाच राहिला, तर अर्धे काम होईल. आराखडे आणि तपासणीच्या सूचना स्वतंत्र कारागिरांना, मराठीसह भारतीय भाषांत, विनामूल्य मिळाल्या पाहिजेत; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात पेठांतल्या अनुभवी कारागिरांना शिक्षक म्हणून स्थान मिळाले पाहिजे; आणि तपासणीचे वेगळे शुल्क पावतीवर स्वतंत्रपणे लिहिण्याची पद्धत व्यवसायाने स्वतः सुरू केली पाहिजे.

सरकारी निर्णयांची वाट न पाहता वाचकांनाही एक गोष्ट आजपासून करता येईल. उपकरण दुकानात देताना तपासणीचे पैसे किती हे आधी विचारावे, दुरुस्ती झाली नाही तरी ते द्यावेत, बिघाड काय होता आणि कशाने झाला ते समजून घ्यावे, आणि काढलेला भाग परत मागून घ्यावा.